407च्या डिझेल टाकीचं ब्रॅकेट बदलताय? आधी पॅकिंगचं ऐका

नमस्कार मंडळी! 407च्या डिझेल टाकीचं ब्रॅकेट कसं बदलायचं, हे इतक्या जणांनी विचारलंय की आज कॅमेरा थेट गाडीखालीच लावलाय. टाटाची ही गाडी 1986 साली आली, आणि आजही भाजीपाला, आंबा, वीट-वाळू वाहणाऱ्या जुन्या 407 आपल्याकडे गावोगाव दिसतात. इंजिन खणखणीत असतं, पण टाकीखालचं ब्रॅकेट पार कुजलेलं. त्यातून गाडी किनारपट्टीची असेल तर विचारूच नका.

टाकी काढायचं पटकन सांगतो, ते बहुतेकांना येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. डिझेल कॅनमध्ये काढून घ्या. सप्लाय आणि रिटर्न पाइप काढून तोंडं बंद करा, फ्लोटची (टाकीतलं डिझेल किती ते काट्याला कळवणाऱ्या तरंगत्याची) वायर काढा. टाकीखाली फळी घालून जॅक टेकवा आणि मगच टाकीला वरून आवळून धरणारे पट्टे सोडा. नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा. ग्राइंडर नको, ठिणग्या उडतात. झाली टाकी खाली.

नवीन ब्रॅकेट चॅसीच्या मूळ भोकांनाच बसवायचं. भोक जुळत नाही म्हणून चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवीन भोक मारू नका, वेल्डिंगही करू नका. गाडी लोड झाली की जास्तीत जास्त ताण त्या दोन पट्ट्यांवर येतो, आणि तडा तिथूनच सुरू होतो. बोल्ट आधी हातानेच लावा. दोन्ही ब्रॅकेटवर एक सरळ पट्टी आडवी टाकून पातळी बघा, मग आवळा.

आता मुद्द्याचं. पॅकिंग, म्हणजे टाकी आणि ब्रॅकेटच्या मध्ये घालायची रबराची पट्टी!

हे बघा, कॅमेरा जवळ घेतो. या जुन्या टाकीच्या पोटावर गंजाचा आडवा पट्टा दिसतोय? बाकी टाकीचा रंग शाबूत आहे, आणि जिथे ब्रॅकेट टेकलं होतं तेवढ्याच जागी पत्रा खाल्लाय. नखाने खरवडलं तर पापुद्रे निघतायत. इथे पॅकिंगच नव्हतं. लोखंडावर लोखंड घासलं, रंग गेला, फटीत चिखल-पाणी बसलं. टाकी आतून सडली असं लोक म्हणतात, पण ही बाहेरून गेलीय.

मग कमेंटमध्ये लोक लिहितात, ‘दादा, आम्ही गोणपाट घालतो, चालतं.’ नाही चालत! गोणपाट पाणी पितं आणि धरून ठेवतं. पावसाळाभर तुम्ही टाकीला ओली पट्टी बांधून फिरताय. जुनी ट्यूब कापून घालणारेही आहेत. ट्यूब पातळ असते, सरकते, आणि डिझेल सांडलं की फुगून मऊ पडते. नायट्राइल रबराची पाच-सहा मिलीमीटर जाड पट्टी आणा, त्याला डिझेल फारसं बाधत नाही. ती ब्रॅकेटला चिकटवा आणि दोन्ही कडांच्या बाहेर थोडी येऊ द्या, कारण पत्रा कापते ती ब्रॅकेटची कडच. वरच्या पट्ट्याखालीही तसंच रबर हवं.

एका गॅरेजमध्ये मी विचारलं होतं, नव्या ब्रॅकेटवर पॅकिंग का नाही? उत्तर मिळालं, ‘पट्टा टाइट केलाय, टाकी हलतच नाही.’ याचा मला खरंच राग येतो. ही टाकी साठ लिटरची, म्हणजे भरली की नुसतं डिझेलच पन्नास किलोच्या आसपास. खड्ड्यात ते वजन आदळणारच. ते पट्टा आवळून थांबत नाही, टाकी मात्र चेपते आणि जोडावर उकलते. धक्का रबराने झेलायचा असतो. म्हणून पट्टा घट्ट बसेपर्यंतच आवळा, पत्रा दबायला लागला की थांबा, वर चेक नट, म्हणजे पहिला सैल होऊ नये म्हणून दुसरा नट, मारा.

आणखी एक कमेंट, हिच्यामुळे मला झोप लागली नाही: ‘टाकी रिकामी करून जागेवरच वेल्डिंग केलं तर?’ भावांनो, अजिबात नको. आतल्या पत्र्याला डिझेलचा थर राहतोच, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि टाकी फुटते. माणसं गेलीत अशाने. टाकीला वेल्डिंग हवं असेल तर ती काढून, आतून व्यवस्थित साफ करून, जो रोज टाक्यांचंच काम करतो त्याच्याकडे द्या.

टाकी चढवली, पाइप जोडले की एअर काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, फीड पंपाला हाताने पंप मारा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा.

आणि टाकी फुल केल्यावर, शंभरेक किलोमीटर गाडी पळवून पट्ट्यांना परत पाना लावा. नवीन रबर वजनाने दबतं, पट्टा सैल होतो. सैल पट्ट्यात रबर सरकून बाहेर पडलं, की टाकी परत लोखंडावर!

फ्लोटचा काटा चुकीचं दाखवतो, हाही प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय. तुमच्या गाडीत काटा नेमका कुठे अडकतो ते खाली लिहा.