कोकणावर उतरणारी धूळ कुठली?

(दृश्य: देवगडजवळची हापूसची बाग)
कलमं मोहोरली आहेत. हा तुरा जवळून पाहा. देठांवर बसलेली धूळ इथल्या वाटेवरची नव्हे. जांभ्याची माती तांबडी, आणि ही पिठासारखी पांढुरकी.

(दृश्य: अरबी समुद्राचं उपग्रहचित्र)
जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ समुद्रावरून आली. 23 तारखेला मुंबई धुरकटली, गाड्यांच्या काचांवर पांढरा थर बसला. चित्रातला हा फिकट तपकिरी पट्टा तीच धूळ. पण ती किती उंचीवर आहे, कुठल्या वाळवंटातली आहे, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही.

(दृश्य: रात्रीच्या आकाशात लायडारचा हिरवा झोत)
त्यासाठी लायडार. लेसरचा झोत आकाशात सोडायचा आणि कणांवर आपटून परतलेला प्रकाश मोजायचा. परतायला किती वेळ लागला, त्यावरून उंची मिळते. समुद्राच्या मिठाचे कण दमट हवेत पाणी शोषून गोल होतात. गोल कणावरून परतलेल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलत नाही. धुळीचा कण मात्र वेडावाकडा, कंगोऱ्यांचा. त्यावरून परतताना ती दिशा बिघडते. म्हणून पडद्यावर पाहा, खाली मिठाचा थर आणि वर धुळीचा, दोन्ही वेगळे. उन्हाळ्यात अरबस्तानची धूळ अशीच दमट हवेच्या डोक्यावरून येते.

(दृश्य: आलेख)
आता खरी अडचण. सहाराची आणि अरबस्तानची धूळ या कसोटीवर जवळजवळ सारखीच उतरते. फरक कळतो दुसऱ्या मापाने: कणांनी प्रकाश किती अडवला आणि किती मागे पाठवला, याचं गुणोत्तर. हिरव्या प्रकाशात सहाराच्या धुळीसाठी ते साधारण 55, अरबस्तानच्या धुळीसाठी 40 च्या आसपास. कारण खनिजांत आहे. पश्चिम सहाराच्या धुळीत इलाइट हे चिकणमातीतलं खनिज जास्त. मध्यपूर्वेच्या धुळीत चुनखडीतलं कॅल्साइट भरपूर.

2006 साली लायडार घेऊन गेलेल्या कॅलिप्सो उपग्रहाला हे गुणोत्तर थेट मोजता येत नव्हतं. साऱ्या जगातल्या धुळीसाठी एकच आकडा धरला जायचा, आधी 40, पुढे 44. तो सहाराला कमी पडतो, आणि तिथली धूळ आहे त्याहून विरळ भासते. मे 2024 मध्ये युरोप आणि जपानने मिळून सोडलेला अर्थकेअर उपग्रह हे गुणोत्तर, अतिनील प्रकाशात का होईना, स्वतः मोजतो.

(दृश्य: मिरकरवाडा जेटी, धुरकट सकाळ)
अशा दिवशी ऊन अडतं, दम्याचे रुग्ण बेजार होतात.

(दृश्य: रत्नागिरीचा किनारा, ड्रोनमधून)
कॅलिप्सोचा झोत जमिनीवर शंभर मीटरही रुंद नव्हता, आणि त्याच वाटेवर तो 16 दिवसांनी परतायचा. धुळीची लाट दोन-तीन दिवसांत येऊन जातेसुद्धा. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात, अगदी समुद्राच्या तोंडावर, हे गुणोत्तर मोजणारा लायडार कायमचा बसवायला हवा. उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हा दोघांचे आकडे ताडून पाहता येतील. तो नसेल तेव्हा, वाऱ्याच्या नोंदी जोडीला घेऊन, आलेली धूळ कुठली याचा माग इथूनच लावता येईल.