आधी भुईकाटा, मग शॉकअप

(सांगलीत विश्रामबाग इथे, जुन्या गाड्यांची चालती घरं करून फिरणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे येण्याआधी बाहेर उभ्या असलेल्या तुमच्या गाड्या मी वाकून पाहिल्या. बहुतेक जुन्या ट्रॅव्हलर आहेत, एकदोन मिनीबस आहेत. आत पलंग, ओटा, टाकी, बॅटरी. आल्याबरोबर तिघांनी एकच प्रश्न विचारला, "शॉकअप कुठल्या कंपनीचे टाकू?" मी तिघांनाही विचारलं, मागच्या एक्सलवर वजन किती येतं? तिघांनाही आकडा सांगता आला नाही. आज मला बोलायचं आहे ते याच आकड्याबद्दल.

शॉकअप नेमकं काय करतो हे सांगायला मला मिरजेपेक्षा दुसरीकडे जायची गरज नाही. तिथे तंबोरे तयार होतात. तार छेडली की ती कितीतरी वेळ झंकारत राहते. तिच्यावर बोट टेकवलं की थांबते. तार ताणून धरायचं काम खुंटीचं, बोटाचं नाही. गाडीत वजन उचलून धरतात ते पाटे, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी. खड्ड्यातून गेल्यावर पाटा दबतो, उसळतो, पुन्हा दबतो; ते हेलकावे थांबवणारं बोट म्हणजे शॉकअप. आतला पिस्टन तेलाला बारीक वाटांमधून जायला भाग पाडतो, त्या घर्षणात हेलकाव्याची ताकद उष्णता होऊन जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप कोमट लागतो. चारांपैकी एकच गार असेल, तर त्याच्याकडे संशयाने बघा. फक्त सायलेन्सरजवळ हात घालू नका.

आता या बोटाला किती जोर हवा, ते तारेवर ठरतं. जाड, जड तारेला हलकं बोट पुरत नाही. कंपनीने तुमच्या गाडीला दिलेला शॉकअप रिकाम्या गाडीपासून भरलेल्या गाडीपर्यंत सगळं सांभाळावं, असा बेतलेला असतो. प्रवासी उतरले की ती गाडी हलकी होते. तुमची गाडी कधीच रिकामी होत नाही. प्लायवूड, गाद्या, फ्रिज, सिलिंडर हे वर्षाचे 365 दिवस तिच्यात आहेत. गणिताने सांगतो: एक्सलवरचं वजन दीडपट झालं आणि पाटे तेच राहिले, तर त्याच शॉकअपची हेलकावे शमवण्याची क्षमता सुमारे 18 टक्क्यांनी उतरते. मग आपण म्हणतो गाडी बसली, एक पाटा वाढवू. पाटेही दीडपट कडक केले, तर तीच क्षमता एक तृतीयांशाने उतरते, कारण कडक पाटा उसळतोही जोराने. पाटा वाढवून शॉकअप जुनेच ठेवले की गाडी पहिल्यापेक्षा जास्त नाचते, आणि लोक दोष पाटेवाल्याला देतात. पाटा वाढवलात तर शॉकअपचा विचार त्याच दिवशी करा.

म्हणून आधी भुईकाटा, म्हणजे भरलेली गाडी वजन करायचा काटा. आपल्या भागात त्याची काय वाण? साखर कारखान्यांवर आहेत, मार्केट यार्डाच्या आसपास आहेत, उसाच्या हंगामात तर रात्रभर चालू असतात. टाकी भरा, सिलिंडर ठेवा, घरची माणसं नेहमीच्या जागी बसवा आणि तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवं. खूप फरक पडला तर गाडी सरळ लावून पुन्हा घ्या. मग कंपनीने ठरवलेली प्रत्येक एक्सलची मर्यादा बघा. ती ओलांडली असेल तर शॉकअपच्या दुकानात जाऊ नका. आधी सामान उतरवा.

पाण्याच्या टाकीवर थोडं थांबतो, कारण ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. दोन एक्सलमधलं अंतर साडेतीन मीटर धरा आणि टाकी मागच्या एक्सलच्याही एक मीटर मागे, शेपटाकडे बसवली आहे असं समजा. मागच्या एक्सलवर 100 नव्हे, जवळजवळ 129 किलो येतात आणि पुढचा एक्सल 29 किलोंनी हलका होतो. तरफेचा नियम आहे, शाळेतला. अशा गाडीचं स्टीअरिंग हलकं लागतं आणि खंबाटकीच्या वळणांवर मागचा भाग ढकलतोय असं वाटतं. तीच टाकी दोन एक्सलच्या मध्ये घेतली, तर निम्मा त्रास एक पैशाचा शॉकअप न घालता जातो.

"मागून गाडी बसली आहे, गॅसचे शॉकअप टाकले तर उचलेल का?" हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नाही उचलणार. मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच नळीच्या गॅसच्या शॉकअपमध्ये, नायट्रोजनचा दाब 25 बार धरला आणि रॉड 14 मिलिमीटरचा धरला, तर तो रॉडला बाहेर ढकलतो ते सुमारे 40 किलोंच्या जोराने. दोन शॉकअपचे 80 किलो. मागच्या एक्सलवर तुमचे दोन हजार किलो असतील, तर त्यांच्यापुढे ते काहीच नाहीत. बसलेल्या गाडीचा इलाज पाटेवाल्याकडे आहे.

आणि पाटे तपासल्याशिवाय शॉकअप काढूच नका. जुन्या पाट्यांच्या थरांमध्ये गंज धरला की ते एकमेकांवर सरकत नाहीत. लहान खड्डासुद्धा थेट कंबरेत बसतो आणि आपण म्हणतो शॉकअप गेले. कमानीचे बुश (सांध्यातल्या पुंगळ्या), शॅकल (कमानीचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी), टायरची हवा हेही बघून घ्या. जड गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडायची जी पद्धत लहान कारला चालते, ती इथे काही सांगत नाही. टायरवरून हात फिरवा. ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलं असेल तर तो संपला. नुसती पुसट ओल चालते. काढल्यावर उभा धरून हाताने दाबा, ओढा. मधेच पोकळी लागली तर ठेवू नका.

माप घ्यायला मी एकदा कंटाळलो, त्याची किंमत सांगतो. दुकानदाराने "हेवी ड्यूटी आहे, बिनधास्त टाका" म्हटलं आणि मी टाकले. बंद स्थितीत ते जुन्यापेक्षा लांब होते. मिरज रस्त्यावर एका गतिरोधकावर एक्सल वर आला, एक्सलला वर अडवणाऱ्या रबरी गुटक्याच्या आधीच शॉकअप पूर्ण मिटला आणि सगळा दणका त्याने घेतला. चासीवरचा ब्रॅकेट फाटला. आत मुलं झोपली होती, वेग कमी होता म्हणून निभावलं. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही. गाडी भरलेली, चाकांवर उभी असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. एक्सल आणि रबरी गुटका यांच्यातली जागा मोजा. एक्सल वर येऊन गुटका चेपला गेला, तरी शॉकअप पूर्ण मिटता कामा नये. मग चासी जॅकवर घेऊन, खाली भक्कम घोडी लावून, एक्सल लटकू द्या आणि पुन्हा मोजा. बुशची रुंदी, बोल्टची जाडी, वरच्या टोकाला बोल्ट घालायचा डोळा आहे की पिन, हे लिहून घ्या. एकाच ट्रॅव्हलरची स्कूलबस आणि ॲम्ब्युलन्स वेगळी असते, म्हणून चासी नंबर दाखवा. पण चासी नंबरला तुमचा ओटा ठाऊक नसतो. वजनाची पावतीही सोबत न्या.

आता प्रकार. ट्विन ट्यूबमध्ये नळीच्या आत नळी असते. खराब रस्त्यावर सलग मार बसला की तेलाला फेस येऊन तो मऊ पडू शकतो. कमी दाबाचा गॅस भरलेला असेल तर फेस कमी होतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन, उष्णता लवकर बाहेर जाते. बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने 1957 मध्ये मर्सिडीजसाठी हा प्रकार बाजारात आणला. गुण मोठे आहेत. पण त्याच्या नळीवर दगड बसून पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो, आणि कुंभार्ली घाटाचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. माझं मत विचाराल तर वजन मर्यादेत असलेल्या गाडीला चांगल्या कंपनीचा गॅसचा ट्विन ट्यूब पुरतो. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या, सतत घाट चढणाऱ्या गाडीला मोनोट्यूब, पण दगडापासून आडोसा करून. बाहेरून कमीजास्त करता येणारा मिळाला तर तो मला सगळ्यात आवडतो; सुरुवात मऊ बाजूने करायची.

कडक म्हणजे चांगला, हे मात्र डोक्यातून काढा. उसळी धरून ठेवणारी बाजू फार कडक झाली, तर हायवेवरच्या सलग पट्ट्यांवर पाट्याला परत यायला वेळच मिळत नाही. गाडी पट्टीगणिक खाली दबत जाते. शिवाय हे तुमचं घर आहे. कपाटांच्या बिजागऱ्या, गॅसच्या नळीचे जोड यांना ती थरथर सोसावी लागते.

बसवताना एका एक्सलचे दोन्ही एकदम बदला. ट्विन ट्यूब आडवा पडून राहिलेला असेल तर उभा धरून चारपाच वेळा दाबून आतली हवा काढा. उलटा बसवू नका. जुन्या गॅसच्या शॉकअपला वेल्डिंग लावू नका, भोक पाडू नका. आणि बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडी भरलेली असताना. लटकत्या एक्सलवर आवळलेत तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. इथून कासला जाऊन आलात की परत एकदा तेच बोल्ट पान्याने बघा. यवतेश्वरच्या घाटात आतलं कपाट उघडलं का, तेही मला येऊन सांगा.