बाहुली लहान, नस कुठली?

खोलीतला दिवा आत्ताच मालवलाय. उजव्या डोळ्याची बाहुली झटकन मोठी झाली. डावी रेंगाळतेय. पाचव्या सेकंदाच्या फोटोत दोघींत मोठा फरक. पंधराव्या सेकंदाला डावी थोडी सावरली. अंधारात फरक वाढतो, म्हणजे दोष लहान बाहुलीत.

दिंडोरीकडचे हे काका द्राक्ष बागायतदार. डावी पापणी जेमतेम दोन मिलिमीटर उतरलीय. नजर साफ आहे, दुखते ती मान. मुलाच्या मोबाईलमधला लग्नातला फोटो डॉक्टर बोटांनी मोठा करून बघतात. तेव्हा दोन्ही पापण्या सारख्या होत्या.

1869 मध्ये स्विस नेत्रतज्ज्ञ हॉर्नर यांनी ही लक्षणं नोंदवली, म्हणून याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. बाहुली मोठी करणारी वाट मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये सुरू होते. मज्जारज्जूतून थेट खाली, मान आणि छाती जुळतात तिथपर्यंत. तिथून दुसरी नस निघते, फुफ्फुसाच्या शेंड्यावरून जबड्याच्या कोपऱ्याखालच्या मज्जातंतूंच्या गाठीपर्यंत चढते. तिसरी नस मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला लपेटून कवटीत शिरते. पंचवटीतून दिंडोरीला जायला निघून आधी सिन्नर गाठावं, असला हा फेरा!

दोन्ही डोळ्यांत अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब घातले. निरोगी बाहुलीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, नस दुखावलेली बाहुली मात्र मोठी होते. पाऊण तासानंतर हे बघा: डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी, पापणीही वर. हॉर्नर पक्का. पण नस कुठे दुखावली, हे हा थेंब सांगत नाही.

ते हातानेच शोधायचं. काकांना चालवून बघितलं, पाणी गिळायला लावलं. मेंदूच्या देठात बिघाड दिसत नाही. फुफ्फुसाच्या शेंड्यापाशीही बिघाडाची खूण नाही: पंजाचे स्नायू भरलेले, काखेत गाठ नाही, खोकला नाही. गालावर दोन्हीकडे घाम सारखाच. गालाच्या घामाचे तंतू जबड्याखालच्या गाठीपाशीच वेगळे होतात. म्हणजे बिघाड बहुधा त्या गाठीच्या पुढे, तिसऱ्या नसेत. त्यात मान दुखतेय.

हल्ली नुसतं 'एमआरआय, ब्रेन' लिहून मोकळे होतात. मानेतली धमनी राहून जाते. इथे चिठ्ठीवर मान आणि धमन्या ठळक लिहिल्यात.

स्कॅनमध्ये, तिसरी नस जिला लपेटते त्याच धमनीच्या अस्तराला चीर दिसली. काकांना लगेच दाखल करून गुठळी होऊ न देणारं औषध सुरू केलं. पक्षाघाताचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच जास्त असतो.