ट्युनिशियन क्रोशेचा गळपट्टा: आधी मापं, मग सुई

नेहमीच्या क्रोशेत एक टाका पुरा केल्यावरच आपण पुढच्याकडे वळतो. ट्युनिशियन क्रोशेत ओळभर फास सुईवर गोळा करत डावीकडे जायचं आणि ते सोडवत उजवीकडे परत यायचं. जाती फेरी आणि येती फेरी मिळून एक ओळ झाली. काम उलटायचं नाही, सुलट बाजू कायम आपल्यासमोर. डावखुऱ्यांनी फक्त दिशा बदलायची. काहीजणी यालाच अफगाण क्रोशे म्हणतात.

हे कापड जाड आणि उबदार होतं, पण ते ताणत नाही. गळपट्ट्याची सगळी मापं या एका गोष्टीवर ठरतात. दोन सुयांवर विणलेली उलट-सुलट रिब डोक्यातून जाताना रुंदावते आणि गळ्याशी पुन्हा आवळते. इथे तसं होणार नाही. गळ्याचा घेर साधारण 36 सेंमी, डोक्याचा 56. डोक्यातून घालायची बंद नळी विणली तर ती 60 सेंमीची लागेल, आणि मग गळ्याभोवती एवढी मोकळी जागा राहील की पहाटे दुचाकीवर निघाल्यावर वारा थेट आत. म्हणून गळपट्टा बटणांचा करावा. 36 सेंमी गळा, 8 सेंमी सैलपणा, 6 सेंमी एकावर एक येणारा भाग, असे झाले 50. त्यातले 48 सेंमी मुख्य वीण आणि 2 सेंमी बटणपट्टी. उंची 22 सेंमी.

विणायचं आडवं. उंचीएवढे टाके घालायचे आणि लांबी ओळींनी वाढवायची. घेराचे टाके एकदम घातले तर ते सरळ सुईवर मावत नाहीत, मागे लवचिक केबल जोडलेली सुई लागते. 22 सेंमीचे टाके मात्र 30 सेंमी लांबीच्या, मागे फास अडवणारा गोळा असलेल्या सुईवर आरामात बसतात. घरातली 15 सेंमीची क्रोशाची सुई इथे कामाची नाही.

लोकर 100 ग्रॅममध्ये 200 मीटरच्या आसपास भरणारी घ्या. नमुना धरून 100 ग्रॅम पुरते. गुंड्याच्या कागदावर 5 मिमीची सुई सुचवलेली असली तरी 6.5 मिमीची वापरा. 5 मिमीने विणलेला तुकडा पुठ्ठ्यासारखा होतो आणि गुंडाळतोही जास्त. आधी 20 टाके, 15 ओळींचा नमुना विणा आणि कडा सोडून मधलं माप घ्या. 10 सेंमीत 15 टाके आणि 13 ओळी आल्या, तर 33 टाके आणि 62 ओळी हा आपला हिशेब. तुमचे आकडे वेगळे आले तर गुणाकार तुमच्या आकड्यांनी करा. टाके विषमच ठेवा.

33 साखळ्या घाला. साखळी पालथी करा, मागे बारीक गाठींची रांग दिसेल. त्या गाठींतून एकेक फास उचला. सुईवरचा पहिला फास हा पहिला टाका, म्हणून दुसऱ्या गाठीपासून सुरुवात. 33 फास झाले की येती फेरी: सुरुवातीला दोरा एकाच फासातून काढायचा, पुढे दर वेळी दोन फासांतून, सुईवर एक उरेपर्यंत. तो पहिला ‘एकाच फासातून’ विसरलात तर डावी कड आखडते.

आता समोर उभ्या दोऱ्यांची रांग दिसते. साध्या टाक्यासाठी सुई उभ्या दोऱ्याखालून उजवीकडून डावीकडे घालून फास काढायचा. उलट्या टाक्यासाठी दोरा आधी सुईच्या पुढे आणायचा, सुई तशीच घालायची आणि मग दोरा सुईवर घेऊन फास काढायचा. नुसते साधे टाके विणले तर पट्टा पुढच्या बाजूला गुंडाळतो, कारण या विणीचा फुगीर भाग सगळा मागे जमतो. एक साधा, एक उलटा अशी मधमाशीच्या पोळ्याची वीण घातली की फुगवटा दोन्हीकडे वाटला जातो. खळग्यांत हवा अडकून राहते, त्यामुळे ऊबही येते. गळपट्ट्याला हीच वीण घालावी, निव्वळ साधी नको.

कडेचे दोन टाके सोडून मधल्या 31 टाक्यांत पहिल्या ओळीची सुरुवात साध्याने, दुसरीची उलट्याने. गोंधळ झालाच तर खालच्या ओळीत साधा तिथे उलटा, एवढं पाहा. सगळ्यात उजवीकडचा उभा दोरा उचलायचा नाही, उचललात तर टाके वाढतात. शेवटच्या टाक्यात कडेचे दोन्ही दोरे उचला. एकच उचलला तर कड शिडीसारखी सैल दिसते, आणि तो टाकाच निसटला तर पट्टा निमुळता होत जातो. दर पाच ओळींनी फास मोजा. येती फेरी ओढून विणू नका, ओळीची उंची तिच्यावर ठरते.

62 ओळींनंतर 5 मिमीची सुई घ्या. प्रत्येक उभ्या दोऱ्यात मुका खांब (फास काढायचा आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून दोरा ओढायचा) घालत वीण बंद करा. दुसऱ्या ओळीत काजं: 3 मुके खांब, 3 साखळ्या घालून खालचे 3 टाके सोडा, 9 मुके खांब, पुन्हा काज, 9 मुके खांब, काज, 3 मुके खांब. बेरीज 33 यायलाच हवी. तिसऱ्या ओळीत प्रत्येक काजात 3 मुके खांब. बटणं 2 सेंमीची चालतात.

सुरुवातीची कड तरीही थोडी वळेल. खरी लोकर असेल तर पट्टा भिजवून, टॉवेलात दाबून, टाचण्यांनी सपाट वाळवा. ॲक्रिलिकवर पाण्याचा असर होत नाही. त्याला इस्त्रीची वाफ दोन बोटं अंतरावरून द्यावी. इस्त्री टेकली की धागा चपटा, चकचकीत आणि कायमचा निर्जीव होतो. बटणं त्यानंतरच लावा. पट्टा आधी गळ्याभोवती गुंडाळून जागा खुणा करून घ्या, कारण वाफेने तो सेंटिमीटरभर लांबलेला असू शकतो.