वडशाचं ठाणं आणि वसुधाताईंचं पत्र

नमस्कार मंडळी,

मी वडशाची. गोंदियाहून बल्लारशाला जाणारी गाडी आमच्या गावावरून जाते. भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे वैनगंगा. आज बोलणार आहे कायद्याच्या अभ्यासक वसुधा धागमवार यांच्याबद्दल, कारण त्यांची मोठी लढाई आमच्याच देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्याच, पोलीस ठाण्यापासून सुरू होते.

त्यांची आई गीता साने. १९०७ साली वाशीमला जन्मलेली, लग्नसंस्थेला परखड प्रश्न विचारणारी कादंबरीकार. लेक कायद्याकडे वळली. अक्कलकुव्याला भिल्लांमध्ये राहून तिने काम केलं.

मार्च १९७२. आईबापाविना वाढलेली, मजुरी करणारी एक आदिवासी पोर. वय चौदा ते सोळाच्या मधलं. भावाच्या तक्रारीवरून रात्री ठाण्यात तिचं बयाण झालं. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवलं. आत दिवे मालवले, दार लावलं. बाहेर घरचे तिला हाका मारत होते. गर्दी जमली. ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर तिने सांगितलं की पोलिसाने जबरदस्ती केली. पोलिसांच्याच दारात उभं राहून हे बोलायला केवढी छाती लागली असेल!

तिचं नाव मी घेत नाही. पीडितेची ओळख छापू नये हा कायदा तिच्याच प्रकरणानंतर आला.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं ही संमती नव्हे, असं त्या न्यायमूर्तींनी म्हटलं, याचा मला वैदर्भीय म्हणून अभिमान आहे. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणून!

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधाताई या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावरून याच न्यायालयाने आधी पोलिसांना खडसावलं होतं, मग या निकालात त्यावर अवाक्षर का नाही, असा त्यांचा सवाल होता. गरीब पोर ठाण्यात पोलिसाशी झटापट करेल, ही अपेक्षाच त्यांना संतापजनक वाटली. पुढच्या वर्षी ८ मार्चला शहराशहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं. अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली.

पुढे वसुधाताईंनी दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत कायद्याच्या पुस्तिका केल्या. मला हे काम पत्राइतकंच मोठं वाटतं, कारण वडशाच्या त्या पोरीला तिचे हक्क सांगणारं तेव्हा कुणीच नव्हतं. २०१४ मध्ये त्या गेल्या.

कायदा बदलला, पण त्या पोरीच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. दोघे सुटले ते सुटलेच. येत्या महिला दिनाला मंडळात ते पत्र मोठ्याने वाचावं, ही माझी विनंती आहे. मराठीत मी करून देते.