चिकूच्या वाटेने मायांच्या गावाला

मंडळी, नमस्कार. ओळख करून देताना मघाशी मला ‘माया संस्कृतीचे अभ्यासक’ म्हटलं गेलं. तेवढं खोडतो. माझी सगळी नोकरी माल कुठून कुठे, कशावर आणि किती दिवसांत पोचेल याची गणितं मांडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तीच खोड मध्य अमेरिकेच्या जंगलात घेऊन गेलो. त्यामुळे कोणत्या पिरॅमिडवर कोणता राजा बसला हे आज फारसं येणार नाही. त्या पिरॅमिडपर्यंत आपण कसे पोचायचं, एवढाच विषय.

सुरुवात चिकूपासून करतो. घोलवड-डहाणूकडच्या वाडीत कच्चा चिकू तोडलात तर देठातून पांढरा चीक येतो आणि बोटं चिकटतात. हे झाड मूळचं दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ या पट्ट्यातलं. तिथे खोडावर तिरप्या चिरा मारून तो चीक पिशवीत धरतात, कढवतात आणि त्याचे ठोकळे पाडतात. त्याला म्हणतात ‘चिक्ले’. आपला ‘चीक’ आणि त्यांचा ‘चिक्ले’ यांची सोयरीक जुळवायचा मोह मलाही झाला होता, पण तो योगायोग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे अमेरिकेला च्युइंगमचं वेड लागलं, ते च्युइंगम याच चिकापासून व्हायचं. आणि तो गोळा करायला हजारो माणसं ग्वातेमालाच्या उत्तरेला, पेतेनच्या जंगलात शिरली. ते चिक्लेरो.

आता हे वाहतुकीच्या भाषणात कशाला? कारण आज तुम्ही उत्तर पेतेनमध्ये ज्या वाटांनी चालता, त्यातल्या बऱ्याच या चिक्लेरोंनी पाडल्या आहेत. चिकूची झाडं शोधत फिरताना त्यांना झाडांत गाडलेले दगडी डोंगर दिसायचे. सिल्व्हेनस मॉर्ली नावाचे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कोरीव दगडाची बातमी आणणाऱ्या चिक्लेरोला बक्षीस द्यायचे. अशाच खबरीवरून १९१६ मध्ये ते तिकाल या मोठ्या माया शहराच्या उत्तरेला आणखी एका शहरात पोचले आणि त्याला त्यांनी नाव दिलं वाशाक्तून, म्हणजे आठ दगड. पुढे १९३१ च्या डिसेंबरात मेक्सिकोतलं कालाकमुल हे माया शहर विमानातून दिसलं, ते सायरस लंडेल यांना. ते वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नोकरी चिक्लेच्या कंपनीत! वाशाक्तून गावात आजही गेलात तर मधोमध एक लांबलचक गवताळ मैदान आहे आणि दोन्ही बाजूंना घरं. मला वाटलं, केवढं मोठं पटांगण. ती चिक्ले नेणाऱ्या विमानांची धावपट्टी. आता तिच्यावर पोरं फुटबॉल खेळतात.

म्हणून माझी पहिली सवय सांगतो. नकाशावर एखादा रस्ता दिसला की तो कोणी आणि कशासाठी काढला, ते आधी विचारायचं. चिक्लेरोची वाट झाडापासून झाडाकडे आणि पाण्यापासून पाण्याकडे जाते. नकाशावर दोन ठिकाणांमध्ये वीस किलोमीटर दिसतात, पायांना मात्र त्याहून जास्त पडतात.

आता एल मिरादोर. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरं नियोजन मला तिथे शिकायला मिळालं. ग्वातेमालाच्या उत्तर टोकाला, मेक्सिकोच्या सीमेपासून जवळच, इसवी सनापूर्वी काही शतकं भरभराटीला आलेलं हे शहर. तिथल्या ‘ला दांता’ या वास्तूची उंची पायथ्यापासून ७२ मीटर आहे. दांता म्हणजे तापीर, तिकडचा तो सोंडेसारख्या नाकाचा प्राणी. एवढं मोठं शहर, पण तिथे डांबरी रस्ता नाही आणि जीपही जात नाही. फ्लोरेस या सरोवरातल्या बेटावरच्या गावातून निघायचं, बसने साधारण ८० किलोमीटर उत्तरेला कार्मेलिताला जायचं आणि तिथून चालायचं. पहिला मुक्काम तिंताल, दुसरा मिरादोर. आल्या वाटेने परतलात तर पाच दिवस, नाकबे या दुसऱ्या जुन्या शहरावरून वळसा घेतलात तर सहा. जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या पुढे चाल होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही राजगड-तोरणा एका दमात करतो. करा की! सह्याद्रीत चढ छातीवर येतो, पण कुठल्या तरी टाक्यात पाणी मिळतं. उत्तर पेतेनची जमीन सपाट आहे, पण खाली सगळा चुनखडीचा दगड. पडलेलं पाणी मुरून जातं. त्या भागात बारमाही नदी नाही. माया लोकांनी पावसाचं पाणी अडवायला तळी खोदली होती, ती तेवढ्याचसाठी. तेव्हा नियोजन शेवटून सुरू करायचं: शेवटच्या मुक्कामाला माणसाला किती पाणी लागेल, तिथून उलटं मोजत घरापर्यंत यायचं. विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी.

आम्ही सहा जण होतो. माणशी दिवसाला चार लिटर, म्हणजे रोजचे २४, पाच दिवसांचे १२० लिटर. पाणी किलोला लिटर, म्हणजे १२० किलो. खेचरावर सत्तर-ऐंशी किलो लादतात, म्हणजे नुसत्या पिण्याच्या पाण्याला दीड खेचर. मी घरून हे गणित कागदावर मांडून नेलं होतं आणि कार्मेलितात मोठ्या ऐटीत वाटाड्यापुढे ठेवलं. त्याने ते बघितलं आणि विचारलं, “आम्ही काय प्यायचं?” वाटाड्या, स्वयंपाकीणबाई, दोघे खेचरवाले, भात शिजवायचं पाणी, यातलं काहीच मी धरलं नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या मालाची गणितं केली, आणि हमाल मोजायचे राहिले. सुदैवाने मुक्कामांवर पावसाचं साठवलेलं पाणी थोडंफार असतं, ते गाळून-उकळून भागतं. खेचरांच्या चाऱ्याचा प्रश्न मात्र जंगलच सोडवतं. संध्याकाळी खेचरवाला कोयता घेऊन रामोन नावाच्या झाडावर चढतो आणि फांद्या खाली टाकतो.

जायचं केव्हा? फेब्रुवारी ते मे. त्यातही मार्च. जूनपासून पाऊस लागतो आणि सखल भागात, ज्याला ते ‘बाहो’ म्हणतात, चिखल होतो. बाहोची माती ही आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीची सख्खी बहीण समजा. ओली असताना बूट गिळते आणि सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्यावर खेचरांच्या खुरांचे खड्डे दगडासारखे घट्ट होऊन बसतात. त्यावरून चालताना घोटा मुरगळतो तो असा. आम्ही मार्चमध्ये गेलो, तर चिखल नव्हता, पण खड्डे होते. आणि गोचिड्या. गोचिड्यांबद्दल नंतर चहाला बोलू.

गंमत अशी की, याच बाहोंवरून माया लोकांनी रस्ते बांधले होते. साकबे म्हणजे पांढरा रस्ता: भर घालून उंच केलेला, वर चुन्याचा गिलावा, काही ठिकाणी ४० मीटरपर्यंत रुंद. मिरादोर आणि तिंताल असेच जोडलेले होते. त्यांच्याकडे घोडा नव्हता, बैल नव्हता, गाडीही नव्हती. माल माणसाच्या पाठीवर जायचा, कपाळावर पट्टा घेऊन. त्या पट्ट्याला ‘मेकापाल’ म्हणतात. नेपाळला गेलेल्यांनी तिकडच्या भरियांच्या कपाळावर तो पाहिला असेल. तर ज्या चिखलात आपण गुडघाभर रुततो, तिथून दोन हजार वर्षांपूर्वी पाठीवर ओझं घेतलेला माणूस कोरड्या पायांनी जात होता. २०१८ मध्ये विमानातून लेझरचा मारा करून पेतेनच्या दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त भागाचे नकाशे प्रसिद्ध झाले, तेव्हा साठ हजारांवर बांधकामं दिसली आणि या रस्त्यांचं जाळंही. वाटेत एका उंचवट्यावरून चालत होतो, तेव्हा वाटाड्याने काठी आपटून सांगितलं, आत्ता आपण साकबेवर आहोत. मला तो शेताचा बांध वाटला होता.

हेलिकॉप्टर आहे का, असं कोणीतरी मघाशी विचारलं. आहे. फ्लोरेसहून तासाच्या आत नेतात. खर्चाचं सोडा. माझा आक्षेप वेगळा आहे. कार्मेलिता हे मुळात चिक्लेरोंचं गाव. १९९० मध्ये सरकारने सगळा भाग संरक्षित केला आणि १९९७ मध्ये या गावाला पन्नास हजार हेक्टरांवर जंगल सांभाळायला दिलं. ते ठरावीक झाडं तोडतात, चिक्ले काढतात, फुलांच्या गुच्छात घालतात ती ‘शाते’ नावाच्या ताडाची पानं निर्यात करतात आणि वाटाडे व खेचरं पुरवतात. हेलिकॉप्टर गावावरून उडून गेलं की गावाच्या हातात काही पडत नाही. मिरादोरला छोटी आगगाडी न्यायची कल्पनाही पुरातत्त्वज्ञ रिचर्ड हॅन्सन यांनी मांडली होती. जंगल सांभाळणाऱ्या गावांनी तिला विरोध केला. हॅन्सन यांचा मिरादोरवरचा अनेक वर्षांचा अभ्यास मी मानतो, पण इथे मी गावांच्या बाजूने आहे. आणि हो, माझे गुडघे या मताच्या विरोधात आहेत.

आता नदीकडे. मेक्सिको आणि ग्वातेमालाच्या मधून उसुमासिंता वाहते. तिच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात याश्चिलान हे माया शहर आहे. मेक्सिकोतल्या पालेंके गावाहून गाडीने अडीच-तीन तासांवर फ्रोंतेरा कोरोसाल, तिथून लांचा, म्हणजे लांबट मोटरबोट, आणि पाऊण-एक तासात तुम्ही याश्चिलानच्या काठाला. येताना प्रवाहाविरुद्ध, म्हणून वेळ जास्त. पूर्ण बोट ठरवावी लागते, तेव्हा काठावर थांबून अजून चार-सहा लोक जमवावेत, भाडं वाटलं जातं. हातात बॅटरी ठेवा: पहिल्याच इमारतीत काळोख्या खोल्यांतून वर चढावं लागतं आणि छताला वटवाघळं असतात. मला हा प्रवास सगळ्यात आवडतो, कारण इथे आपण उगाच आडवाटेने जात नाही. मूळच्या शहराचाही दरवाजा नदीच होती.

१८८२ मध्ये इंग्रज आल्फ्रेड मॉड्स्ले असाच नावेने तिथे पोचला. काही दिवसांतच फ्रेंच प्रवासी देझिरे शार्ने येऊन दाखल झाला, आपणच पहिले अशा समजुतीत! मॉड्स्लेने त्याला आपल्या मुक्कामात सामील करून घेतलं. पण त्याच मॉड्स्लेने दाराच्या वरचे कोरीव दगडही काढून नेले. राणी जिभेतून काटेरी दोरी ओढते आहे असा त्यातला एक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वाहतूक सोपी पडावी म्हणून त्या दगडाची मागची बाजू तासून वजन कमी केलं होतं. वाहतुकीच्या माणसाला हे ऐकून जे व्हायला हवं ते मला झालं: आधी कौतुक, मग लाज.

जवळच बोनाम्पाक, आणखी एक माया ठिकाण. तिथली भित्तिचित्रं १९४६ मध्ये त्या जंगलात राहणाऱ्या लाकांदोन या माया लोकांनी बाहेरच्यांना दाखवली. आजही शेवटच्या टप्प्याला आपली गाडी ठेवून त्यांच्या व्हॅनमध्ये बसावं लागतं. काही पर्यटक कुरकुरतात. मला त्यात काही खटकलं नाही. मात्र २०२३-२४ मध्ये या सीमाभागात टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे तिकडे जाणंच अवघड झालं होतं, त्यामुळे निघण्याआधी पालेंकेत ताजी बातमी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. हॉटेलवाल्यापेक्षा व्हॅनवाल्याला विचारा.

कालाकमुलचं सांगतो थोडक्यात. हमरस्त्यापासून आत ६० किलोमीटर अरुंद रस्ता, गाडी हवीच. तिकडे आता ‘त्रेन माया’ नावाची रेल्वे आली आहे, २०२३ च्या डिसेंबरात पहिला टप्पा सुरू झाला. कालाकमुल नावाचं स्टेशनही आहे. पण स्टेशनचं नाव वाचून उतरू नका, तिथून ते ६० किलोमीटर आहेतच! आपल्याकडे नेरळला उतरून माथेरान गाठता येतं, तसं तिथे काही नाही.

आणि परतीचा विचार करा. मॉर्लींची १९१६ ची गोष्ट अर्धीच सांगितली. वाशाक्तूनहून परतताना, सीमेजवळ, त्यांच्या तुकडीवर ग्वातेमालाच्या सैनिकांनी बंडखोर समजून गोळ्या झाडल्या. पथकाचे डॉक्टर मॉइज लाफ्लर मारले गेले. जाताना त्यांनी सगळं नीट केलं होतं.

शेवटची चिठ्ठी आली आहे: “सगळ्यात अवघड जागा कोणती?” माझ्या यादीत पिएद्रास नेग्रास हे माया शहर. याश्चिलानच्या खाली, त्याच नदीवर, ग्वातेमालाच्या काठावर. पुढे नदीत वेगवान, खळाळत्या धारेचे टप्पे आहेत, त्यामुळे साधी फेरी नाही, काही दिवसांची नदीमोहीम करावी लागते. मी गेलेलो नाही. माया संस्कृतीच्या अभ्यासक तातियाना प्रोस्कुरियाकॉफ १९३० च्या दशकात तिथे वास्तूंची रेखाटनं करायला गेल्या होत्या आणि पुढे १९६० मध्ये त्यांनीच दाखवलं की तिथल्या शिलालेखांतल्या तारखा राजांचे जन्म आणि राज्यारोहण सांगतात. त्या वारल्या १९८५ मध्ये. ग्वातेमालात तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. त्यांच्या अस्थी पिएद्रास नेग्रासला पोचल्या १९९८ मध्ये.

चहा झालाय म्हणतात. गोचिड्यांचं तिथे.