पाच तत्त्वे आणि २३ खांब

(नव्याने निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांच्या प्रशिक्षणात एका निवृत्त ग्रामसेवकाने केलेले भाषण, थोडे संपादित)

अध्यक्ष महाराज, नवे सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि मागच्या रांगेतले सरपंचपती! हसू नका. त्यांच्यासाठी कायद्यात खुर्ची नाही, म्हणून मागे बसवलंय.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'चांगल्या कारभाऱ्याची पाच तत्त्वे'. पाचही सांगणार आहे. आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात म्हणे. मी निवृत्त झालो तो भाऊसाहेब म्हणूनच. तर आधी एक गोष्ट. लहान आहे.

गावाचं नाव सांगत नाही, तिथली दोन माणसं समोर बसलीत. १ मेची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, शाळेचा निकाल लागला, निकालपत्र हातात पडलं की गाव पांगलं. कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, कमी असेल ते. आमच्याकडे हजर कोण? चार सदस्य, शिपाई, मी आणि पारावर आधीपासून बसलेले दोन म्हातारे. ते सभेला आलेलेच नव्हते, त्यांच्याकडे सभा आली होती. मग काय, 'कोरमअभावी तहकूब'. तहकूब सभेला कोरमची अट नाही. कायद्याने पायवाट ठेवली, आम्ही तिचा हमरस्ता केला! दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन घरोघर. "काका, सही करा." "कशाची?" "करा हो." त्या वहीवर हळदीची बोटं होती, एका पानावर चहाच्या कपाचं गोल. गावाचा सहभाग म्हणतात तो एवढाच.

दरवर्षी हेच. २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आल्या, पुढे आमचं सरपंचपद महिलेला सुटलं. तरी कारभार बघायचे यजमान. वही घरी जायची, सही होऊन यायची. मला बरंच होतं ते, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी १ मेलाच यजमानांच्या मामेभावाचं लग्न निघालं आणि सरपंचताई एकट्या सभेला आल्या. निकाल घ्यायला आलेल्या बायकांना त्यांनी शाळेच्या फाटकातच अडवलं, "बसा गं दहा मिनिटं." कोरम झाला! माझी पंचाईत. मी जमाखर्च नेहमीसारखा पुटपुटलो. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी, दिवाबत्ती, एलईडी दिवे... एक आजी म्हणाल्या, "आमच्या आळीत तर काळोख हाय. दिवं लावलं कुठं?"

ताई म्हणाल्या, "भाऊसाहेब, परत वाचा. मोठ्यानं."

बिल ४० दिव्यांचं. ताईंनी विचारलं, "गावात खांब किती?" कुणाला माहीत नाही. आठ वर्षं मी त्याच खांबांना टेकून एसटीची वाट बघत होतो, मलाही नाही. "सभा संपलेली नाही," त्या म्हणाल्या, "चला, मोजू." पुढे ताई, मागे वही घेऊन मी, त्यामागे बायका, पोरं, एक कुत्रं. मारुतीच्या देवळामागचा खांब वाकलेला. तो धरायचा की नाही यावर पाव तास वाद. धरला. भरले २३.

उरलेले १७ दिवे कुठे गेले ते मला विचारू नका. बिलावर सही माझी होती. वसुली निघाली, माझ्याही पगारातून कापली. पण १५ ऑगस्टच्या सभेला सतरंज्या कमी पडल्या. भाऊसाहेब आज काय वाचतात, ते ऐकायला गाव आलं होतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तत्त्वाला एक मिनिट.

पहिलं झालंच, हिशेब मोठ्यानं वाचा.

दुसरं, स्वतःची घरपट्टी आधी भरा. थकबाकीत सदस्यत्व जातं ते आहेच. पण वसुलीला गेलात की लोक आधी तुमची पावती मागतात.

तिसरं, मतदाराला नाही म्हणा. हिवरे बाजारला, सरपंच म्हणून गाव सावरणाऱ्या पोपटराव पवारांच्या गावात, पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरतात. शेतीला बोअर घ्यायची नाही असं गावानं ठरवलं आणि पाळलं. तुमच्यातल्या किती जणांनी प्रचारात बोअरच कबूल केलीय? हात वर करू नका.

चौथं, सात विरुद्ध सहा करून ठराव रेटू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. वेळ लागतो, लागू द्या. २००९ साली त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अशा बैठका आहेत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचंही सांगायचं होतं, २०२२चा विधवा प्रथा बंदीचा ठराव, पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

पाचवं मागच्या रांगेला. ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे तुमचं काम सतरंजी अंथरायची आणि बाहेर पडायचं. वही घरी मागवायची नाही.

झालं. चहा तयार आहे. हजेरीवर सह्या आत्ताच करा, उद्या वही घेऊन घरी कुणी येणार नाही.